पन्नाशी गाठेपर्यंत गाडी टिकणार कशी?

मार्च १९९६ मध्ये यामाहा आरएक्स १०० चं उत्पादन थांबलं. त्याच वर्षी म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना बंद पडला आणि येझदी संपली. त्याला आता तीस वर्षं होत आहेत. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारसायकलच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क दोन हजार रुपये झालं आहे. रक्कम एकवेळ परवडेल, पण झोंबतं ते त्यामागचं गृहीतक: जुनी गाडी ही अडगळ, ती रस्त्यावरून जितकी लवकर जाईल तितकं बरं. मला हे मान्य नाही. दुचाकीचा वारसा तिच्या चालत्या इंजिनात आणि ते चालतं ठेवणाऱ्या हातांत असतो. गाडी उभी राहिली की दोन्ही संपतात.

१९५५ मध्ये मद्रासला बुलेट आली, १९६१ मध्ये म्हैसूरला जावा. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटाने छोट्या राजदूतला घरोघर पोचवलं. एरवी ती तीन दशकं नंबर लावून वाट पाहण्यातच गेली. खरी उलथापालथ झाली ती सरकारने १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी सहकार्याला वाट करून दिल्यावर. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हीरो होंडा आणि आरएक्स १००, पाठोपाठ कावासाकी बजाज. आरएक्सचं इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास. त्या हलकेपणामुळेच पिळलेली मूठ लगेच मागच्या चाकाला कळायची. येझदीचा स्वभाव निराळा. तिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर. किक मारून झाली की तोच दांडा पुढे पाडायचा आणि त्यानेच गिअर टाकायचे. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालायचं, कॉन्टॅक्ट पॉइंट पॉलिश पेपरने घासून फीलर गेजने त्यांची फट लावायची, सायलेन्सरच्या आतली काजळी वेळच्या वेळी काढायची. हे मालकालाही यायचं, कारण आल्याशिवाय गाडी चालायची नाही. यंत्राशी सामान्य माणसाची एवढी ओळख त्यानंतरच्या कुठल्याच दुचाकीने करून दिली नाही. राजदूत ३५० ही त्याच काळातली. मूळ जपानी गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक काढून तिला इथे ड्रम ब्रेक दिला गेला, आणि मग पेट्रोल पिते, थांबत नाही म्हणून तिलाच नावं ठेवली गेली. तेव्हा हिणवणारेच आज तिच्या किमतीचे आकडे कौतुकाने सांगतात. दोष गाडीचा कमी आणि ती इथे ज्या रूपात विकली गेली त्याचा जास्त होता.

आता कायद्याकडे पाहू. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हिंटेज’ मानून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक देऊ केला. ही दखल स्वागतार्हच आहे. पण असं वाहन प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतंच रस्त्यावर आणता येतं, रोजच्या वापराला नाही. शिवाय १९८५ ची पहिली आरएक्सही पन्नाशी गाठणार २०३५ मध्ये. म्हणजे सामान्य माणसाने ज्या दशकात पहिल्यांदा मनाजोगती मोटारसायकल घेतली, त्या दशकाला या नियमात जागाच नाही. तोवर पिस्टनचा नुसता आवाज ऐकून बोअर करायची वेळ आली की नाही ते सांगणारे मिस्त्री हयात असतील का? येझदीचं नाव २०२२ मध्ये परत आलं, गाडीही चांगली आहे. पण ती चार-स्ट्रोक, तिच्यावर जुन्या टू-स्ट्रोक येझदीचा मिस्त्री तयार होणार नाही.

प्रदूषणाचा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. आरएक्स, येझदीसारख्या गाड्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, आणि एक्झॉस्टची वाट उघडी असतानाच ताजं मिश्रण आत येत असल्याने त्यातलं काही न जळताच बाहेर जातं. हे इंजिन रोजच्या वाहतुकीतून गेलं ते योग्यच झालं. पण महिन्यातून चार वेळा निघणारी जपलेली गाडी आणि दिवसभर गर्दीत धावणारी गाडी यांना एकच माप लावणं अन्यायाचं आहे. पीयूसी कडक असावी, वर्षाच्या किलोमीटरवर मर्यादा असावी. कुणीही प्रामाणिक मालक ते मान्य करील. सुरक्षेचा मुद्दाही रास्त आहे, म्हणूनच ब्रेकची तपासणी दर वर्षी व्हावी. आणि सायलेन्सर कापून मध्यरात्री गल्ली दणाणून सोडणाऱ्यांवर जरूर कारवाई व्हावी. या गाड्यांची बदनामी सगळ्यात जास्त त्यांनीच केली आहे.

म्हणून मागणी साधी आहे. उत्पादन बंद होऊन पंचवीस वर्षं उलटलेल्या मोटारसायकलींसाठी पन्नाशीच्या आधीचा एक वर्ग करा, अटी घाला, पण त्यांना चालू द्या. आणि ज्यांच्या घरी अशी गाडी झाकून ठेवलेली आहे त्यांनी ती भंगारात काढण्याआधी एकदा जुन्या मिस्त्रीकडे न्यावी, सोबत घरातल्या तरुण मुलालाही.