अब्बांची गाडी, पंधरा वर्षांनंतर

माझे वडील जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक होते. निम्मे आयुष्य सायकलवर आणि उरलेले स्कूटरवर काढल्यानंतर २००९ च्या डिसेंबरात, निवृत्तीच्या पैशातून त्यांनी एक छोटी पेट्रोल गाडी घेतली. ईद असो, कामठीला खालाकडे लग्न असो, की रात्री कुणाला मेडिकलला न्यायचे असो, मोहल्ल्यातला पहिला फोन अब्बांनाच येई. पुढे नातवंडांना शाळेत सोडण्याचे कामही त्याच गाडीकडे आले.

२०२४ उजाडले आणि घरी येणारा प्रत्येक जण एकच गोष्ट सांगू लागला. "सरजी, पंधरा वर्षं होत आली. आता सरकार गाडी उचलून नेणार. त्याआधी भंगारात देऊन टाका." शेजारच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी अशाच भीतीपोटी आपली चांगली चालती गाडी मिळेल त्या भावात देऊन टाकली होती. अब्बाही मनातून खचले. मी म्हटले, "अब्बा, आयुष्यभर तुम्ही मुलांना सांगत आलात की आधी धडा वाचा, मग उत्तर लिहा. आपणही आधी नियम वाचू."

नियम काय सांगतो?

नियम वाचला आणि जीव भांड्यात पडला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. ती संपली म्हणजे गाडी बाद झाली असे नाही. आरटीओत गाडीची तपासणी होते आणि ती योग्य ठरली तर नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढते. नंतर दर पाच वर्षांनी पुन्हा तेच.

मग ही भीती आली कुठून? ती दिल्लीहून आली. दिल्ली आणि आसपासच्या परिसरात प्रदूषणामुळे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणण्यास राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तो आदेश नागपूरला लागू नाही. त्यात १३ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्राचे वाहन भंगार धोरण जाहीर झाले आणि २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवणे बंद झाले. या तिन्ही बातम्यांची खिचडी होऊन मोहल्ल्यात अफवा शिजली.

खर्च मात्र वाढला आहे. जुन्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. वीस वर्षांपुढच्या कारसाठी २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. उशीर केला तर कारला महिन्याला ५०० रुपये दंड पडतो.

मिस्त्रीने दाखवलेली नळी

तपासणीला नेण्याआधी आम्ही गाडी ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. अब्बा म्हणाले, "काही त्रास नाही हिचा. धूर नाही, आवाज नाही." मिस्त्रीने गाडी जॅकवर चढवली, पुढचे चाक काढले आणि मला खाली वाकायला सांगितले. चाकाजवळ ब्रेक ऑइलची रबरी नळी असते. तिला भेगा पडल्या होत्या आणि एके ठिकाणी ती ओलसर झाली होती. "बाजी, ही फुटली असती तर पाय पेडलवर राहिला असता आणि गाडी पुढे गेली असती."

त्या गाडीतून माझी दोन मुले रोज शाळेत जात होती. मी काहीच बोलले नाही. अब्बाही गप्प झाले.

मग मिस्त्रीने टायर दाखवले. नक्षी चांगली खोल होती. नियमाने कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर लागते, ती त्याहून जास्तच होती. पण टायरच्या कडेला चार आकडे असतात, ते आम्ही कधी वाचलेच नव्हते. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. आमच्या टायरवर १४१५ होते, म्हणजे २०१५ चा चौदावा आठवडा. गाडी कमी चालली म्हणून नक्षी राहिली, पण नागपूरचे नऊ उन्हाळे त्या रबराने सोसले होते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर, नळ्या, वायपरचे रबर सगळेच वाळत जाते.

तपासणीच्या दिवशी

ब्रेकच्या नळ्या, टायर, हँडब्रेकची वायर, सगळे बदलून आम्ही आरटीओत गेलो. तरीही गाडी पहिल्या दिवशी पास झाली नाही. मागचा एक ब्रेक लाइट लागत नव्हता आणि चेसिस नंबरवर गंज चढल्यामुळे त्याचा पेन्सिलने छापा नीट उमटत नव्हता. दोन्ही गोष्टी किरकोळ, पण चक्कर वाया गेली. दुसऱ्या खेपेला काम झाले. आता आरसीवर २०२९ ची तारीख आहे.

जुन्या गाड्या बहुधा अशाच गोष्टींत अडकतात: दिवे, ब्रेक, टायर, धूर, हॉर्न, वायपर, आरसा, नंबर प्लेट. इंग्लंडमध्ये कारची सक्तीची तपासणी १९६० मध्ये सुरू झाली. आज तिथे तीन वर्षांनंतर प्रत्येक कार दर वर्षी तपासली जाते आणि नापास होणाऱ्या गाड्यांत दिव्यांचे दोष सर्वात पुढे असतात. जर्मनी आणि जपानमध्ये नव्या कारची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते. आपल्याकडे खासगी कारला पंधरा वर्षे कुणी विचारत नाही. पीयूसी काढतो, पण ती फक्त धूर मोजते. ब्रेकची नळी बघत नाही.

म्हणून आमच्या घरी आता ठरले आहे: दर वर्षी मृग लागण्याआधी गाडी जॅकवर चढवायची. चारही चाके काढून ब्रेक बघायचे, घरातल्या एकाने मागे उभे राहून सगळे दिवे तपासायचे, वायपरचे रबर बदलायचे. सरकारी तपासणी पाच वर्षांनी येईल, आपली दर वर्षी.

मुलांची व्हॅन

टॅक्सी, रिक्षा, शाळेची व्हॅन यांचा नियम वेगळा आहे. त्यांना पहिली आठ वर्षे दोन-दोन वर्षांचे आणि नंतर दर वर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. आपले मूल ज्या व्हॅनमधून जाते तिचा नंबर एमपरिवहन ॲपमध्ये टाका; फिटनेस आणि विमा कधीपर्यंत आहे ते दिसते. मुदत संपलेली असेल तर व्हॅनवाल्या भाईंना आदराने, पण स्पष्ट विचारा. मी आमच्या पालक सभेत हे करून दाखवले तेव्हा अनेक मातांनी तिथेच मोबाइल काढले.

ठेवायची की द्यायची?

प्रत्येक जुनी गाडी ठेवावी असे मी म्हणणार नाही. खालचा पत्रा सडला असेल, इंजिन तेल पीत असेल आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपुढे जात असेल, तर तिला निरोप द्यावा. पण गल्लीतल्या भंगारवाल्याकडे नको. सरकारमान्य भंगार केंद्रात दिली तर प्रमाणपत्र मिळते, त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते आणि जुनी नोंदणी रीतसर रद्द होते. नाहीतर कागदोपत्री गाडी आपल्याच नावावर राहते आणि पुढे तिचा कुणी गैरवापर केला तर विचारणा आपल्यालाच होते.

अब्बांनी ती फुटकी नळी टाकून दिली नाही. दाराजवळ किल्ल्या अडकवतो त्याच खिळ्यावर ती लटकवली आहे. कुणी विचारले की म्हणतात, "पंधरा वर्षं मी हिची काच पुसत होतो. खाली वाकून कधी बघितलंच नाही."