*भातावरचा करपा आणि अँटिबायोटिकची पुडी*



गेल्या आठवड्यात पालेगावातल्या एका सभासदाचं खाचर बघितलं. पानं करपलेली. दुकानातून स्ट्रेप्टोसायक्लीनच्या पुड्या आणून दोन फवारण्या झालेल्या, फरक शून्य. कारण तो करपा बुरशीचा होता. स्ट्रेप्टोसायक्लीन हे अँटिबायोटिक आहे, ते बुरशीवर चालतच नाही. पैसे आणि आठ-दहा दिवस वाया गेले, तोवर रोग पसरला.

*आधी ओळखा:*

1️⃣ *बुरशीचा करपा:* पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी.

2️⃣ *कडा करपा (जिवाणूचा):* पान शेंड्याकडून कडेकडेने नागमोडी पिवळं पडतं, मग पेंढ्यासारखं वाळतं.

*घरची चाचणी:* रोगट पान हिरव्या-पिवळ्या भागाच्या सीमेवर कापा, कापलेली बाजू काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरा. थोड्या वेळाने दुधाळ धार उतरली तर कडा करपा.

*कडा करपा असेल तर:*
✅ युरियाचा पुढचा हप्ता थांबवा. जादा युरियाने हा रोग भडकतो.
✅ खाचरातलं पाणी काढा, पण ते शेजारच्या खाचरात सोडू नका.
✅ पानं ओली असताना शेतात फिरू नका.
✅ पुढच्या वर्षी लावणीला आवणाचे शेंडे कापू नका. जखमेतून जिवाणू शिरतो.

*पुडीची एवढी काळजी का?*
या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन असतं. दोन्ही माणसांची औषधं. स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं पहिलं अँटिबायोटिक. शेतात पुन्हा पुन्हा मारलं की थोडे चिवट जिवाणू वाचतात, तेच वाढतात, आणि ही ताकद दुसऱ्या जिवाणूंनाही देतात. मग शेतातही औषध चालत नाही आणि दवाखान्यातही चालेनासं होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये शेतीतल्या या औषधावर बंदीचा मसुदा काढला.

घरात कोणी फार्मसी शिकत असेल तर त्याला गोळ्यांच्या पाकिटावरची उभी *लाल रेघ* विचारा. अर्थ एकच, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. शेतातही तोच नियम पाळू: *ओळख पटल्याशिवाय, सल्ल्याशिवाय पुडी फोडायची नाही.*

📸 शंका असेल तर पानाचा जवळून एक आणि पूर्ण खाचराचा एक फोटो ग्रुपवर टाका. युरिया कधी, किती दिला तेही लिहा. फोटो बघून सांगतो, गरज पडली तर बांधावर येतो.

– आपला कृषी सल्लागार