झाडावरची प्रत्येक वनस्पती बांडगूळ नसते

आंबा-फणसाची जुनी झाडे साफ करताना फांद्यांवर जे उगवलेले दिसेल ते सरसकट छाटले जाते. परंतु त्यात झाडाचे नुकसान करणारे थोडे आणि निरुपद्रवी पुष्कळ असते. हा फरक ओळखणे जरूर आहे.

बांडगूळ : हे अर्धपरोपजीवी आहे. पाने हिरवी असल्याने ते अन्न स्वतः तयार करते. मात्र पाणी व क्षार फांदीत घुसविलेल्या शोषक मुळांद्वारे ओढून घेते. जोडाच्या जागी गाठ दिसते व त्यापुढील फांदी कमजोर होऊन वाळते. फुलटोच्यासारखे पक्षी फळे खातात आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर रुजते.

अपिवनस्पती : या झाडाचा फक्त आधार घेतात. मुळे सालीवरच राहतात, आत शिरत नाहीत. पाणी पाऊस व धुक्यातून, तर क्षार धूळ व कुजलेल्या पाल्यातून मिळतात. जगात अशा सुमारे ३० हजार जाती असून निम्म्याहून अधिक अमरी म्हणजे ऑर्किड आहेत. सह्याद्रीच्या जंगलात सीतेची वेणी, बाशिंग नावाचे नेचे, शेवाळ व दगडफूल ही नेहमीची उदाहरणे होत. अमरीच्या मुळांवरील पांढरे स्पंजासारखे आवरण पाणी टिपून घेते. बाशिंगाची तळाची तपकिरी पाने टोपलीप्रमाणे पालापाचोळा साठवितात. या ओलाव्यात मुंग्या, कोळी व बेडूक आसरा घेतात.

अमरीचे बी धुळीसारखे बारीक असते. त्यात अन्नसाठा नसल्याने विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते आणि फुलावर येण्यास काही वर्षे लागतात. म्हणजे कोयत्याच्या एका घावाने अनेक वर्षांची वाढ नष्ट होते.

काय करावे?

१) बांडगूळ फळे येण्यापूर्वी काढावे. नुसते ओरबाडल्यास ते पुन्हा फुटते. म्हणून गाठीच्या मागे, खोडाच्या बाजूने, फांदी कापून जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी.

२) अमरी, नेचे व शेवाळ यांना हात लावू नये.

३) अमरी असलेली फांदी छाटावीच लागली, तर अमरी मुळांसह अलगद सोडवून पावसाळ्याच्या सुरुवातीस खडबडीत सालीच्या दुसऱ्या झाडाला सुतळीने बांधावी.

कोयता चालविण्यापूर्वी जोडाची जागा नीट पाहा. मुळे फांदीत शिरली असतील तरच कापा.