नाद आवाजाचा, ताप घरादाराला

जबलपूरहून कटनीकडे जाताना साधारण चाळीस किलोमीटरवर सिहोरा लागते. तिथल्या माझ्या मावशीकडे गेल्या दिवाळीत मोठा पेच उभा राहिला होता. निमित्त होते काकांच्या कॉन्टेसाचे. काकांच्या माघारी ती पांढरी गाडी पडवीच्या कडेला ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली होती. जबलपूरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या नातवाने सुट्टीत तिला पुन्हा जिवंत केले आणि त्याच्या डोक्यात नवे खूळ शिरले, कटआऊट बसवण्याचे.

"आजी, बटण दाबलं की गर्जना, आणि बंद केलं की पुन्हा गरीब गाय! कुणाला काय त्रास?"

मावशी एवढेच म्हणाली, "तुझे आजोबा रात्री दोन वाजता गाडी काढून कुणाला दवाखान्यात नेऊन आणायचे, तरी शेजाऱ्यांची झोप मोडायची नाही."

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. म्हणून या कटआऊटची जरा माहितीच काढायची ठरवली.

कटआऊट म्हणजे काय?

इंजिनात जळलेला धूर मॅनिफोल्डमधून नळीत येतो, सायलेन्सरमधल्या कप्प्यांतून फिरताना त्याचा आवाज मरतो आणि मग तो गाडीच्या मागच्या टोकाला बाहेर पडतो. कटआऊट म्हणजे सायलेन्सरच्या अलीकडे या नळीला काढलेली आडवाट. तिच्या तोंडाशी एक झडप असते. ती तारेने किंवा छोट्या विजेच्या मोटारीने उघडली, की धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर पडतो.

ही कल्पना नवी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कित्येक मोटारींना पायाने उघडायचा कटआऊट असे. चढ आला की चालक तो उघडत. तक्रारी वाढल्या तशी अनेक शहरांनी त्यावर बंदी घातली. पुढे 1960 च्या दशकात अमेरिकेत 'मसल कार'चे युग आले. 1964 ची पॉन्टिअॅक जीटीओ घ्या. आठ सिलिंडरचे, सहा लिटरहून मोठे इंजिन आणि सव्वातीनशे अश्वशक्ती! पॉन्टिअॅकने 1970 च्या जीटीओसाठी चालकाला गाडीतूनच धुराची वाट मोकळी करता येईल अशी सोय विकायला काढली होती. पण वरिष्ठांच्या आदेशावरून थोड्याच दिवसांत ती मागे घ्यावी लागली.

ताकद खरेच वाढते का?

आपल्याकडे हौशी तरुण कॉन्टेसालाच 'देशी मसल कार' म्हणतात. लांब बॉनेट, समोर चार गोल दिवे, रुंद बसकण, त्यामुळे दिसायला ती शोभतेही. हिंदुस्थान मोटर्सने ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल गाडीच्या धर्तीवर ती 1984 मध्ये बाजारात आणली आणि 2002 मध्ये तिचे उत्पादन थांबवले. सुरुवातीला तिच्यात अॅम्बेसेडरचेच दीड लिटरचे इंजिन होते. पुढे 'कॉन्टेसा क्लासिक'मध्ये इसुझूचे 1.8 लिटरचे, सुमारे 85 अश्वशक्तीचे इंजिन आले.

खरी मेख इथेच आहे. मोठे इंजिन पूर्ण वेगात फिरते तेव्हा धुराचा लोंढा प्रचंड असतो. सायलेन्सर त्याला अडवतो आणि वाट मोकळी केली की फरक जाणवतो. चार सिलिंडरच्या छोट्या इंजिनात मुळात लोंढाच लहान. गावातल्या वेगात तर कटआऊटने हाती लागतो तो बहुतांशी आवाजच. उलट धुराची वाट बदलली की कार्ब्युरेटरचे जमलेले गणित बिघडू शकते आणि गाडी फटफट करू लागते.

कायदा काय सांगतो?

1989 च्या रस्ता नियमांत सायलेन्सर टाळून धूर सोडणाऱ्या कटआऊटला नाव घेऊनच मनाई केलेली होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाजाची मर्यादा मोडणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय तीन महिने परवाना जातो तो वेगळाच. पुण्या-नागपूरकडे पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर ओळीने मांडून त्यांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील.

निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. पाळण्यातले बाळ, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी, शेजारचे हृदयरोगी आजोबा यांना 'बटण माझ्या हातात आहे' हा दिलासा काय कामाचा?

पायाखालचे संकट

हे सारे ऐकूनही नातू पुरता वरमला नव्हता. शेवटी गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत जोंगा आणि शक्तिमानवर हात काळे केलेला माणूस. त्यांनी कायद्याचे नाव काढले नाही की आवाजाचे. "भैया, पहले फर्श देख लो," म्हणाले आणि मागच्या सीटखालचा गालिचा उचलला. पत्रा गंजून चाळणी झाला होता. बोटभर भोकांतून खालची जमीन दिसत होती.

कटआऊट नेमका याच भागाच्या आसपास, गाडीच्या पोटाखाली उघडतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. मागच्या सीटवरची मुले झोपली आहेत असेच आपल्याला वाटत राहते. शिवाय ती नळी तापलेली असते. जवळून पेट्रोलची नळी किंवा वायर गेली असेल, किंवा गाडी वाळल्या गवतावर उभी केली असेल, तर आगीचाही धोका.

नातू बराच वेळ त्या भोकांकडे पाहत राहिला. त्याच सीटवर बसून तो लहानपणी आजोबांबरोबर जबलपूरला जात असे.

मग करावे काय?

जुन्या गाडीची हौस जरूर करावी, पण पैसा योग्य जागी घालावा. आधी तळाचा पत्रा बदलून घ्या. मॅनिफोल्डचे पॅकिंग आणि नळीचे सांधे गळत नाहीत ना, ते पाहा. कार्ब्युरेटर, प्लग आणि वाल्व्ह नीट जुळवून घ्या. गाडीला साजेसा नवा सायलेन्सर बसवा. बहुतेक वेळा 'हरवलेली' ताकद इथेच सापडते. पंधरा वर्षांवरील गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करताना तपासणी होते, तेव्हाही या खर्चाचे चीज होते. आणि गर्जनाच ऐकायची असेल, तर त्यासाठी कोइम्बतूर, चेन्नईकडे शर्यतीचे ट्रॅक आहेत. घराची गल्ली ही त्याची जागा नव्हे.

कटआऊटसाठी जमवलेले पैसे नातवाने पत्र्याला आणि सायलेन्सरला लावले. संक्रांतीला तो मावशीला घेऊन जबलपूरला आला. गाडी दारात केव्हा येऊन उभी राहिली, ते आम्हाला कळलेच नाही. मावशीने खिडकीतून हाक मारली तेव्हा समजले.