भिंतीवरची 'बी'

आजोबांची लोकरीची शाल गेल्या पावसाळ्यात ट्रंकेतून काढली, तर तिची चाळण झालेली. "कसर लागली," आजी म्हणाली. घडीत राखाडी, चपट्या, भोपळ्याच्या बीसारख्या काही वस्तू चिकटल्या होत्या. तशाच न्हाणीघराच्या भिंतीवर रोज दिसत. मी त्यांना भिंतीचे पोपडे समजत होतो.

एक 'बी' बरणीत ठेवली. थोड्या वेळाने टोकातून तपकिरी डोके आणि पायांच्या तीन जोड्या बाहेर आल्या आणि 'बी' चालू लागली! हे एका पतंगाच्या अळीचे घर. स्वतःच्या रेशमावर माती, वाळू, धागे चिकटवून ती ते बनवते. दोन्ही टोके उघडी आणि मध्यभाग रुंद असल्याने तिला आतल्या आत वळता येते. अळीबरोबर घरही वाढते, सुमारे १ सेंटिमीटरपर्यंत. कोळिष्टके, केस, मेलेले किडे आणि लोकर हे तिचे अन्न.

साधारण ५० दिवसांनी ती त्याच घरात कोशावस्थेत जाते. दोनेक आठवड्यांनी राखाडी, ठिपकेदार, झालरीच्या पंखांचा चिमुकला पतंग निघतो. तो काही खात नाही. मादी फटींत अंडी घालून मरते. म्हणजे शाल खाल्ली ती अळीने.

तिला हवी असते अंधारी, कुणी न हलवलेली जागा. आजोबा गेल्यावर आठवण म्हणून आम्ही शालीला हातही लावला नव्हता. आता आजी दर महिन्याला ती झटकून उन्हात घालते.