चर्चमधलं भूत

मंडळी, आता आपण महाबळेश्वरला जाऊ. तिथलं क्राइस्ट चर्च १८४२ सालचं. अशा जुन्या दगडी वास्तूंभोवती भुताच्या गोष्टी जमतातच. का जमतात, ते आपण पाहू.

पावसाळ्यात तिथे धुकं एवढं दाट असतं, की दहा पावलांवरचं दिसत नाही. आणि ओस पडलेल्या उंच इमारती गव्हाणी घुबडाला आवडतात. पांढरा चेहरा, उडताना पंखांचा आवाज नाही, ओरडणं मात्र किंकाळीसारखं. भूत म्हणायला आणखी काय हवं?

हेच घुबड खाली सांगलीकडच्या शेतात उंदीर मारतं. आपण अपशकुनी म्हणून त्याला हाकललं, तर तोटा शेतकऱ्याचा. तेव्हा गोष्ट रंगवून जरूर सांगू या, पण घुबडाला दगड नको.