एचआयव्हीबाधितांमधील मेंदूच्या टॉक्सोप्लाझ्मोसिसचे निदान

टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय या परजीवीचा शरीरात सुप्त राहिलेला संसर्ग सीडी४ पेशी दर मायक्रोलिटरमागे १०० च्या खाली गेल्यावर बहुधा मेंदूत पुन्हा सक्रिय होतो. रक्तातील आयजीजी प्रतिपिंडे केवळ पूर्वीचा संसर्ग दर्शवतात. ती नसल्यास मात्र या रोगाची शक्यता बरीच कमी होते. एमआरआयमध्ये कडेने वलयासारखे उजळणारे, बहुधा एकाहून अधिक व्रण दिसतात. लिम्फोमा आणि भारतात विशेषतः क्षयाच्या गाठी यांचेही चित्र असेच असू शकते. मेंदूची बायोप्सी निर्णायक, पण जोखमीची. त्यामुळे व्यवहारात आधी औषधोपचार सुरू करतात आणि सुमारे दोन आठवड्यांत रुग्ण व व्रण दोन्ही सुधारल्यास निदान ग्राह्य धरतात. या काळात स्टेरॉइड दिले असल्यास लिम्फोमाही तात्पुरता आकसतो व ही कसोटी फसवी ठरू शकते.